आकस

वडशाच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या रंजीता कापगतेला गावात नावानं ओळखणारे थोडे. ‘थंडीच्या मॅडम’ म्हटलं, की भाजीवालीसुद्धा तिच्या घराकडं बोट दाखवायची. त्याचं कारण ती जनावरांच्या दवाखान्यातून आणायची ते चंदेरी पिंप. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तिथं द्रवरूप नायट्रोजन येतो. रीतसर परवानगी काढून रंजीता त्यातला थोडा कॉलेजसाठी घ्यायची आणि पिंप दोन्ही गुडघ्यांत धरून ऑटोत बसायची. झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ निघायची. सिग्नलवर शेजारची मोटरसायकल हळूच लांब सरकायची.

तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. हिवाळ्यात रूळ आकसतो, जोड ताणतो, एखादा रूळ तडकतोही. म्हणून थंडीच्या दिवसांत त्यांना लाइनीनं पायी गस्त घालावी लागे. शाळकरी रंजीता विचारायची, "बाबा, रूळ किती आकसते?" बाबा म्हणायचे, "आकसते एवढं खरं. किती, ते इंजिनेर सांगन." ते ‘किती’ तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. एम.एस्सी. झाली, कॉलेजात नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, आणि चाळिशीच्या तोंडावर तिनं पीएच.डी.साठी तोच विषय घेतला. घन पदार्थ अतिशय थंड केले की किती आकसतात.

त्यासाठी लागणारं यंत्र विकत घेणं कॉलेजच्या आवाक्यातलं नव्हतं. तिनं ते स्वतः बनवायचं ठरवलं. कोळसा खाणीच्या मशिनींचे सुटे भाग बनवणारा एक लेथवाला घुग्घुसला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या टपरीवर बसून तिनं तांब्याची डबी घडवून घेतली. मूठभर आकाराची. आत समोरासमोर दोन गुळगुळीत चकत्या, मधे कागद जाईल न जाईल एवढी फट. एक चकती पक्की, दुसरी मागून ज्याचं आकसणं मोजायचं त्या तुकड्याला टेकलेली. डबी दांड्याला लावून, नळीत घालून नायट्रोजनमध्ये सोडली, की तुकडा आकसतो, टेकलेली चकती त्याच्यासोबत मागे सरते आणि फट रुंदावते. फट रुंदावली की चकत्यांमधली विद्युत धारिता, म्हणजे वीज साठवायची ताकद, कमी होते, आणि मीटरवर आकडा उतरतो. डोळ्याला कधीच दिसणार नाही असं आकसणं त्या आकड्यावरून कळायचं.

कळायचं, पण वडशाला नव्हे. कॉलेजच्या एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला राइस मिल. मालगाडी आली की आकडा थरथरायचा. मिल चालू झाली की उड्या मारायचा. डबीखाली रबर घातलं, वाळूची पेटी केली, ट्रकची जुनी ट्यूब फुगवून तिच्यावर टेबल ठेवलं. थोडा फरक पडायचा, पण पुरेसा नाही. तिचे तांब्याचे आलेख दात पडलेल्या कंगव्यासारखे दिसायचे. तिचे मार्गदर्शक वासेकर सर गडचिरोलीहून यायचे, आलेख पाहायचे आणि चष्मा पुसत म्हणायचे, "होईल, होईल. सावकाश."

एकदा तिनं त्यांना विचारलं होतं, "सर, तांब्याचे आकडे तर साऱ्या जगानं काढून ठेवले आहेत. आपण बांबू घेतला तर? आपल्याकडं आहे भरपूर." सर म्हणाले, "आधी तांबं नीट जमू द्या. बांबू फार वेडावाकडा प्रकार आहे." तिला ते पटलं, आणि ती तांबंच मोजत राहिली.

मग रीना उसेंडी आली.

रीना धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची. आई-वडिलांची थोडी धानाची शेती, बाकी मोह, तेंदूपत्ता. आश्रमशाळेत शिकली, नागपूरला एम.एस्सी. केलं, शिष्यवृत्ती मिळवली आणि वासेकर सरांकडेच पीएच.डी.ला नाव नोंदवलं. सरांनी तिला वडशाला पाठवलं. "रंजीता मॅडमचं यंत्र आहे. त्या शिकवतील."

रंजीतानं आनंदानं शिकवलं. इतकी वर्षं त्या खोलीत ती एकटीच होती. ‘फट’ म्हटलं तर समजणारं, ‘आज मीटर रुसला’ म्हटलं तर हसणारं कुणी आलं याचं तिला सुख वाटलं. दुपारी दोघी एका डब्यात जेवायच्या.

ते सुख उतरलं एका मंगळवारी. रीनानं पहिल्यांदाच एकटीनं डबी जोडली आणि तासाभरात असा आलेख काढला, की रंजीतानं तो दोनदा पाहिला. गाड्या तेवढ्याच गेल्या होत्या, मिलही चालूच होती. पण रीनानं आकडे घेताना गाडीचा आवाज आला की थांबायची आणि खोली शांत झाली की पुढं जायची साधी पद्धत धरली होती. शिवाय तिची बोटं हलकी होती. तुकडा बसवताना स्क्रू किती आवळायचा हे तिला जणू आतूनच कळायचं.

"कसं केलं?" रंजीतानं विचारलं.

"तुमी सांगतलं तसंच केलं, मॅडम."

हे उत्तर रंजीताला फार लागलं. त्यात खोच नव्हती, म्हणूनच लागलं.

आठवड्यानं सर आले. तो आलेख खिडकीपाशी नेऊन त्यांनी उजेडात पाहिला. ‘होईल, होईल’ म्हणाले नाहीत. म्हणाले, "वा. आता तुम्ही असं करा रीना, बांबू घ्या. गॅस द्रव करून साठवतात ना, त्या टाक्यांना आतून लाकडी फळ्यांचं अस्तर असतं. तिथं बांबूच्या फळ्या चालतील का, हे कुणीतरी पाहायला हवं. आपल्याकडं आहे भरपूर."

रंजीता मीटरची वायर गुंडाळत होती. तिचे हात थांबले. सरांनी आपल्याकडं पाहावं, ‘हे तुम्हीच सुचवलं होतं’ असं एवढंच म्हणावं, म्हणून ती थांबली. सर चहा पिऊन गेले. त्यांना आठवत नव्हतं. मुद्दाम विसरले असते तर बरं, असं तिला वाटलं. भांडता तरी आलं असतं.

त्या दिवसापासून ती रीनाला पाहू लागली. म्हणजे आधीही पाहत होती, पण आता पाहण्याचा नादच लागला. सर फोनवर रीनाशी किती वेळ बोलतात. रीना हसते तेव्हा सर हसतात का. शिपाई रीनाला चहा आधी देतो की आपल्याला. घरी भाकरी थापताना, मुलीची वेणी घालताना रीनाचं काहीतरी आठवायचं आणि पोटात जळजळ उठायची. त्या पोरीचं काही चुकत नव्हतं, हे रंजीताला दिसत होतं. रीनाच्या चुकीची वाट पाहण्यातच तिचा दिवस जाऊ लागला.

मग बारीकसारीक गोष्टी. भर उन्हात नायट्रोजन आणायला रीनालाच पाठवायचं. चांगली केबल कपाटात आणि सैल टोकाची केबल टेबलावर. रीनानं त्या केबलला डाख देऊन नवं टोक जोडलं आणि काम पुढं चालू केलं, कुणाला काही बोलली नाही. रंजीतानं चांगली केबल परत बाहेर काढून ठेवली, तीही न बोलता.

दिवाळीनंतर मिलचा हंगाम लागला. धानाच्या गाड्यांची रांग कॉलेजच्या फाटकापर्यंत आली, आणि मीटरवर एक आकडा धड राहीना. रीना कंटाळून खुर्चीत बसली होती. म्हणाली, "मॅडम, हे सारं आमच्या गावाले नेऊन पाह्यलं तं?"

"गावाले?"

"तिथी गाडी नाई, मिल नाई. ग्रामसभेचं तेंदूपत्त्याचं गोदाम आहे, हंगाम सरला का रिकामंच राह्यते. पक्की फरशी आहे. मीटर बॅटरीवर चालवू, सोलर आहे."

रंजीतानं मीटर बंद केला. इतकी वर्षं ती रबर, वाळू आणि ट्यूब यांच्याशी झगडली. गाडी थांबवता येत नाही, पण टेबल उचलून नेता येतं, हे तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. ही गोष्ट इतकी साधी होती, की तिच्यावर हरकत घ्यायलाही जागा नव्हती. तरी तिनं घेतली. "नायट्रोजन पोचेपर्यंत उडून जाईन."

"दोन पिंपं नेऊ ना," रीना म्हणाली.

डिसेंबरात त्या जीपनं गेल्या. डबी रंजीतानं मांडीवर धरली होती. रीनाला तिनं ती हातात दिली नाही. धानोरा मागं पडलं, रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंना साग आणि बांबूची बेटं सुरू झाली. गावात शिरताच रीनाची आई कलाबाई समोर आली, जोहार केला आणि डबी धरलेले रंजीताचे हात पाहून म्हणाली, "लेकरू आणलं का?" रीनानं गोंडीत काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या. आपल्यालाच हसतात असं रंजीताला वाटलं. नंतर कळलं, रीनानं सांगितलं होतं, "लेकरूच आहे ते, मॅडमनं स्वतःच्या हातानं घडवलं."

गोदामात तेंदूच्या पानांचा वास भरून होता. सकाळी त्यांनी डबी जोडली, नळीत सोडली, पिंपात उतरवली आणि वाट पाहिली. नायट्रोजन उकळून शांत झाला. मीटरवरचा आकडा उतरत उतरत एका जागी आला आणि थांबला. नुसता थांबला. दशांशाचं शेवटचं घरही हललं नाही. बाहेर कोंबडी ओरडली, आकडा तसाच. रंजीता श्वास धरून पाहत होती. तिनं घुग्घुसच्या टपरीवर घडवलेली डबी इतकी निश्चल असू शकते, हे ती पहिल्यांदा पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मान वळवून पाहिलं तर शेजारी रीना बसलेली, आणि तिच्याही डोळ्यांत तसंच काहीतरी. रंजीताचं पाणी तिथंच आटलं. आपल्या यंत्राचा हा आनंद आपल्याला हिच्या गावात, हिच्या उपकारानं मिळावा, हे तिला सोसवेना.

त्या दोन दिवसांत रीना तिला ‘ताई’ म्हणू लागली. कलाबाईनं आंबील दिली आणि म्हणाली, "पोरगी फोनवर तुमचंच नाव घेते. ताईनं हे शिकवलं, ताईनं ते शिकवलं." रंजीता म्हणाली, "हुशार आहे पोरगी." हे शब्द तिनं तोंडातून ओढून काढले. कॉलेजला परीक्षा होती म्हणून डबी तिथंच ठेवून रंजीता आधी परतली. रीना मागं राहून बांबूच्या तुकड्यांची मोजणी करत राहिली.

महिन्याभरानं रीना सगळे आलेख घेऊन वडशाला आली. नागपूरच्या एका संस्थेत परिसंवाद होता, त्यात तिला ते मांडायचे होते. रंजीतानं एकेक कागद पाहिला. धाग्याच्या दिशेनं बांबू जवळजवळ आकसतच नाही, पोलादापेक्षाही कमी. आडव्या दिशेनं मात्र कितीतरी पट. आलेख सुरेख उतरले होते. आणि मग तिला ते दिसलं. आडव्या तुकड्यांच्या काही आलेखांत शून्य अंशाच्या जरा खाली रेषेला एक बारीक वाक होता. रीनानं त्यावरून सरळ रेघ ओढून दिली होती, जशी थरथरीवरून ओढतात तशी.

ही थरथर नव्हती. रंजीताच्या लगेच लक्षात आलं. पहिल्या फेरीच्या आलेखात वाक नव्हता. त्याच तुकड्याच्या दुसऱ्या, तिसऱ्या फेरीत होता, आणि वाढत गेला होता. नायट्रोजन संपायच्या आत जास्त मोजण्या उरकाव्यात म्हणून रीना डबी थंड असतानाच बाहेर काढत होती. थंड डबीवर हवेतलं दव बसतं, वितळतं, आत झिरपतं. तांबं पाणी पीत नाही. बांबू पितो. पुढच्या फेरीत ते पाणी बांबूच्या पेशींच्या भिंतींतून निघून पोकळीत गोठत होतं, आणि भिंती सुकून बांबू जास्तीचा आकसत होता.

"कसं आहे, ताई?" रीनानं विचारलं.

"छान आहे," रंजीता म्हणाली.

घरी जाताना तिला हलकं वाटत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती भूक लागून जेवली. तिचा नवरा हेमराज वडशातल्या एका नाटक कंपनीच्या ऑफिसात बुकिंग पाहायचा. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम भरात होता, त्याचा फोन ताटापाशीही वाजत होता. त्याचा फोन थांबल्यावर तिनं सगळं सांगितलं, वाक, दव, पाणी. आणि शेवटी, "नागपूरले साऱ्यांच्या समोर विचारतो तिले."

हेमराजनं घास थांबवला. "आज काऊन नाई सांगितलं तिले?"

"तिले सारं आपोआप येते ना. येऊ दे."

"हे पाय," तो म्हणाला, "मागच्या साली आमच्या कंपनीत एका नटीनं दुसरीची एंट्री खाल्ली. मुद्दाम. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. मंग पुढचे चार महिने दोघीले एकाच गाडीत बसून गावोगाव जा लागलं. मी समोर बसो ड्रायव्हरपाशी. मागं कोणी एक शब्द बोलत नव्हतं. त्या गाडीत बसाले मले भेव वाटे."

"हे नाटक नाई."

"नाई तं नाई," हेमराज म्हणाला आणि फोन घेतला.

तिनं प्रश्न पाठ केला. इंग्रजीत, चार वाक्यांत, आवाज कुठं खाली आणायचा तेही ठरवून. स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये म्हणून पाहिला.

नागपूरच्या त्या सभागृहात एसी इतका होता, की बायकांनी पदर घट्ट ओढून घेतले होते. रीना बोलायला उभी राहिली. तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण आलेख बोलत होते. सुरुवातीलाच तिनं पडद्यावर डबीचा फोटो लावला आणि सांगितलं, हे यंत्र रंजीता मॅडमनी स्वतः बनवलं आहे, मला मोजायला त्यांनी शिकवलं. लोकांनी वळून पाहिलं. त्या क्षणी रंजीताला प्रश्न गिळून टाकता आला असता. उलट तिच्या मनात आलं, ही आता आभार मानण्यातही माझ्यापेक्षा मोठी ठरणार. आणि भाषण संपताच ती उठली.

"तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतल्या आलेखात शून्याखाली वाक आहे. तो तुम्ही रेघ मारून झाकला आहे. तुमचे नमुने ओले होते. मग हे आकडे बांबूचे आहेत, की पाण्याचे?"

आवाज तिनं ठरवला होता तिथंच खाली आला.

रीना पडद्याकडं वळली. बराच वेळ आलेख पाहत राहिली. तिच्या मानेवरची शीर दिसत होती. मग माइकमध्ये म्हणाली, "मला हे दिसलं नव्हतं. मॅडम बरोबर आहेत." आणि तिथंच उभी राहिली, हातातल्या रिमोटचं काय करावं हे न कळून. वासेकर सर खाली पाहत होते. रंजीता बसली. ज्या गोडीची ती वाट पाहत होती ती येत नव्हती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक वयस्क शास्त्रज्ञ उभे राहिले. दक्षिणेतल्या मोठ्या प्रयोगशाळेतून आलेले, थंडीच्या विषयातले जुने जाणते. ते रीनाला म्हणाले, "तो आलेख पुन्हा लावा." रीनानं लावला. ते पडद्याजवळ गेले, वाकावर बोट ठेवलं. "फेरीगणिक वाढतोय. म्हणजे पाणी वाढलं की वाक वाढतो. किती पाण्याला किती वाक, हे बांबूत कुणी नीट मोजलेलं माझ्या वाचनात नाही. टाकीच्या अस्तराला हेच तर लागेल. फळी काही कायम कोरडी राहणार नाही." मग रंजीताकडं वळून ते हसले. "प्रश्न उत्तम होता. विद्यार्थिनीला चांगली वाट दाखवलीत."

त्यानंतर सभागृहात त्या वाकाशिवाय दुसरं बोलणं झालं नाही. जेवणाच्या सुट्टीत रीनाभोवती माणसं जमली. वासेकर सर ताट घेऊन रंजीतापाशी आले आणि म्हणाले, "रीनाचा प्रबंध आता यावरच. काय नेमका प्रश्न काढलात तुम्ही." ते मनापासून बोलत होते. रंजीताच्या हातात भाताचं ताट होतं, ते तिनं तसंच ठेवून दिलं.

परत येताना बसमध्ये दोघी शेजारी होत्या. उमरेड गेलं, भिवापूर गेलं. रीना खिडकीबाहेर पाहत होती. मान न वळवता तिनं विचारलं, "ताई, तुमाले वडशालेच दिसलं होतं ना ते?"

आताच सुचलं, असं म्हणता आलं असतं. रंजीतानं तोंडही उघडलं. पण ज्या पोरीनं अडीचशे माणसांसमोर ‘मला दिसलं नव्हतं’ म्हटलं, तिच्यापुढं खोटं तिच्या जिभेवर चढेना.

"हो."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले तिथी पाडाचं होतं."

रीनानं मान हलवली, एखादा आकडा जुळल्यावर हलवावी तशी. थोड्या वेळानं म्हणाली, "मी तुमाले काय केलं होतं?"

"काई नाई. काईच नाई केलं."

पुढच्या स्टॉपवर मागची सीट रिकामी झाली. रीना पिशवी घेऊन उठली आणि तिकडं जाऊन बसली.

सोमवारी ती वेळेवर प्रयोगशाळेत आली. नमुने वाळवायची भट्टी लावली, तुकडे तोलले, नळीला आतून कोरडी हवा सोडायची सोय केली. कामापुरतं बोलली. जे विचारायचं ते विचारलं, जे सांगायचं ते सांगितलं. फक्त ‘ताई’ गेलं आणि ‘मॅडम’ परत आलं. डबा ती वऱ्हांड्यात बसून खाऊ लागली. हेमराजनं सांगितलेल्या त्या गाडीत आपण बसलो आहोत हे रंजीताला उमगलं, आणि उतरायची सोय नव्हती.

शोधनिबंध तयार झाला तेव्हा सरांनी रीनाला विचारलं, नावं कुणाकुणाची? रीना म्हणाली, "रंजीता मॅडमचं लावा. प्रश्न त्यांचा होता." माफीबिफीचा त्यात काही वास नव्हता. मोजलेला आकडा आवडो न आवडो, वहीत मांडावाच लागतो, तसं तिनं ते मांडलं. निबंध छापून आला तेव्हा रंजीतानं आपलं नाव पाहिलं, दुसरं. आणि इतकं सगळं होऊनही तिची नजर पहिल्या नावावर गेली आणि पोटात तीच जुनी कळ उठली. तिला स्वतःची लाज वाटली. कळ तरीही उठलीच.

रीनाचा प्रबंध झाला आणि ती दक्षिणेतल्या त्या प्रयोगशाळेत गेली. तिथं नायट्रोजन नव्हे, हीलियम. त्याहून कितीतरी खालची थंडी. वडशाची खोली पुन्हा रिकामी झाली. रंजीताला वाटलं होतं, ती गेली की मोकळं वाटेल. पण टेबलापाशी उभं राहिलं की कुणाशी ‘मीटर रुसला’ म्हणावं, हा प्रश्न पडायचा.

स्वतःचा प्रबंध तिला अजून पुरा करायचा होता. तिनं साग घेतला. सरांना विचारलं नाही, सांगितलं. "तांबं पुरे झालं, सर. मी साग मोजणार." सर चष्मा पुसत तिच्याकडं पाहत राहिले आणि म्हणाले, "हे तुम्ही आधीच करायला हवं होतं."

साग मोजायचा तर शांत जागा हवी, आणि शांत जागा एकच होती. फोन लावायला तिनं आठवडा घेतला.

"रीना, मी रंजीता. गोदाम पाहिजे होतं. डिसेंबरात."

"आईपाशी चावी आहे. सांगून ठेवते."

"बरं."

"पिंपं दोन न्या," रीना म्हणाली आणि फोन ठेवला.

या वेळी हेमराज सोबत आला, नाटकाच्या दोन प्रयोगांमधली सुट्टी काढून. कलाबाईनं तसाच जोहार केला, तशीच आंबील दिली. मुलीनं तिला काय सांगितलं होतं आणि काय नाही, हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. गोदामात डबी लागली, सागाचा कोरडा तुकडा बसला, आकडा उतरला आणि थांबला. हेमराज दारात बसून राहिला, खोकलासुद्धा नाही.

दुपारी कलाबाई मोबाइल घेऊन आली. "फोटो धाडला पोरीनं. तिथी लय थंडी राह्यते म्हणते. अंगात जाड सेटर घालते का नाई, पाहा बरं."

"थंडी मशिनीच्या आत राह्यते, कलाबाई. खोलीत नाई. खोलीत आपल्यासारखंच."

"मंग बरं," कलाबाई म्हणाली.

फोटोत रीना एका भल्यामोठ्या चकचकीत यंत्रापाशी उभी होती. रंजीतानं आधी यंत्रच पाहिलं. मोठं करून पाहिलं. किती वायरी आत जात होत्या, आणि आकडा हलत नसणार. कुणी असं यंत्र तिच्यापुढं ठेवलं असतं तर. जळजळ उठली. तिनं ती उठू दिली. मग फोटो सरकवून रीनाचा चेहरा पाहिला. पोरगी वाळली होती. हसत होती ती कॅमेऱ्यासाठी.

"लावू का तिले फोन?" कलाबाईनं विचारलं. "ती सुट्टीत राह्यते या टाइमले."

रंजीता नाही म्हणणार होती. पण वायरींचं कोडं डोक्यात फिरत होतं. कलाबाई मायलेकीचं बोलणं उरकून फोन तिच्या हाती देऊन गेली.

"त्या वायरी वरून आत नेल्या आहेत," रंजीता म्हणाली. "बाहेरची गरमी त्यांच्यातून खाली उतरत नाई का?"

रीना म्हणाली, "वायरी बारीक घेतात, मॅडम. आणि वाटेत जागोजागी थंड खांबाला गुंडाळतात. गरमी तिथीच मुरते." तिनं सांगायला सुरुवात केली आणि मग सांगतच राहिली, कोणता धातू, किती वेटोळे, कोणता गोंद. रंजीता मधून मधून विचारत होती. हेमराजनं दारातून एकदा वळून पाहिलं. रंजीता मांडीवर तांब्याची वायर घेऊन, फोन खांद्यानं कानाशी धरून, डबीच्या दांड्याभोवती पहिला वेढा घालत होती आणि म्हणत होती, "थांब जरा, हळू सांग, हे गुंडाळून पाहतो."